आई-बाबांना सॉल्टबर्नला नेऊ का? (एका दिवसाची सहल)

टीसकाठची: आई-बाबा मिडल्सबरोला आलेत. आईचे गुडघे दुखतात, बाबा रेल्वेतून रिटायर्ड. शनिवारी इथून जवळच समुद्रकाठच्या सॉल्टबर्न गावी जायचंय. गाडी नाही, ट्रेननेच. तिघांना मिळून ४० पौंड. कड्यावरून खाली समुद्रापर्यंत आईला उतरता येईल का? बघण्यासारखं काय?

बंडूनाना_लीड्स: सॉल्टबर्न कसलं? व्हिटबीला जा. आम्ही दोन रात्री राहिलो, खिडकीतून अख्खा पडका मठ दिसायचा! साडेतीनशे गेले, पण वसूल.

टीसकाठची: नाना, ४०.

मिरचीभजी: उतरायला क्लिफ लिफ्ट आहे, १८८४ची, पाण्यावर चालते. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरलं की तो जड होऊन खाली येतो आणि खालचा वर जातो. पण चालू आहे ना ते आधी बघा. आम्ही गेलो तेव्हा बंद. सासूबाईंना चढ चढवता चढवता माझीच कंबर धरली.

कोकणचा_कावळा: लिफ्ट खाली पिअरपाशीच सोडते, म्हणजे समुद्रात गेलेल्या धक्क्यापाशी. १८६९चा पिअर, १५०० फूट.

खडूस: १५०० तेव्हा. वादळांनी खाल्ला, १९२४ मध्ये एक जहाज मधोमध घुसलं. आता ६८१.

कोकणचा_कावळा: टेप घेऊन गेला होतात का?

मिरचीभजी: लिफ्टचं आधी बघाच हं.

खडूस: पिअरपेक्षा गाव बघा. डार्लिंग्टनच्या हेन्री पीझने वसवलं, घरचाच रेल्वेचा धंदा. १८६१ला रूळ आले, १८६३ला झेटलंड हॉटेल. ट्रेन स्टेशनातून पुढे सरकून थेट हॉटेलच्या मागच्या फलाटावर लागायची! आता तिथे फ्लॅट आहेत. आणि रस्ते म्हणजे रत्नं: रूबी, पर्ल, एमराल्ड, डायमंड.

कोकणचा_कावळा: खाली शिप इन नावाचा पब आहे. तिथला जुना मालक जॉन अँड्र्यू चोरटा माल उतरवायचा म्हणे. आमच्या आजोळच्या खाडीतही...

बंडूनाना_लीड्स: पार्मो खाल्ला का कोणी? तळलेल्या चिकनवर पांढरा सॉस नि चीज. दोन दिवस पोट गच्च.

मिरचीभजी: नाना, पालक आलेत, पार्मो कुठे!

टीसकाठची: सगळ्यांचे आभार. चूक माझीच, बाबांना खडूस यांचं वाचून दाखवलं. लिफ्ट, पिअर सगळं रद्द. बाबा हॉटेलमागची फलाटाची जागा शोधणार, आई वरच्याच बाकावरून समुद्र बघणार. थालीपीठं घरून. बहुतेक पैसे उरतील.

बंडूनाना_लीड्स: व्हिटबीलाही स्टेशन आहे हो.