‘कडक’ म्हणजे नेमकं काय कडक? स्प्रिंग, ऑइल की ताण?

आडवाट

मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपमधल्या स्प्रिंगा बदलताना काय बघायचं, याचं एक टिपण मराठीत लिहितोय, बरोबर फिरणाऱ्या चार-पाच जणांसाठी. दोन पानं सरळ लिहून झाली आणि ‘स्टिफ’पाशी गाडी अडली. सहज ‘कडक’ लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण या शब्दाचा फटका मी स्वतः खाल्लाय.

ब्रेक मारला की माझी गाडी नाक पार खाली घालायची. वळणात शिरताना ब्रेक सोडला की पुढचा भाग उसळून वर यायचा आणि धरलेली रेघ सुटायची. मेकॅनिकना म्हणालो, “पुढचं जरा कडक करून द्या.” त्यांनी करून दिलं: दहाचं ऑइल काढून वीसचं, म्हणजे जास्त जाड, भरलं. उभ्या गाडीवर हँडल दाबून पाहिलं तर खरंच कडक. रस्त्यावर मात्र बारीकसा खड्डाही मनगटात ठणकायला लागला. आणि जोरात ब्रेक मारला की नाक जवळपास पूर्वीइतकंच खाली, फक्त सावकाश. नळीला केबल टाय बांधून मोजलं. एकूण १२० मिमी हालचालीपैकी आधी ११५ मिमी वापरली जात होती, नंतर ११२. लागोपाठ उंचवटे आले तर आणखी वाईट. पहिल्यावर दबलेला शॉकअप वर यायच्या आत दुसरा उंचवटा, मग तिसरा, आणि गाडी दर वेळी अजून खालीच.

मला हवी होती स्प्रिंग, मिळालं ऑइल. त्यांना दोष देत नाही, कारण मी ‘कडक’ म्हणालो होतो. ऑइल जाड केलं तरी कडक, जास्त जोराची स्प्रिंग टाकली तरी कडक, आणि स्प्रिंगवर लांब स्पेसर (नळीचा तुकडा) टाकून तिला आधीच दाबून ठेवलं तरी कडकच. तिन्हींचे परिणाम मात्र वेगळे. या तिन्हींना मराठीत वेगळे शब्द कोणी वापरतं का?

दहाचा पाना

मी हेच काम करतो, म्हणून सांगतो. गिऱ्हाईक ‘कडक करा’ म्हणालं की मी आधी विचारतो, गाडी *बसते* का, *लागते* का, की *उसळते*? बसते म्हणजे तुम्ही वर बसलात की पुढचा भाग नको तेवढा खाली जातो. लागते म्हणजे खड्ड्यात शॉकअप पार तळाला जाऊन आदळतो, ‘ठक’ असा आवाज येतो. उसळते म्हणजे दबून परत येताना आवरत नाही. तिन्हींना इलाज वेगळा. ‘स्टिफ’ला शब्द शोधण्यापेक्षा हे तीन शब्द लिहा, वाचणाऱ्याला तेच कळतील.

आणि आमच्याकडे चौथा शब्द आहे, ‘दम’. शॉकअपमध्ये दम राहिला नाही, म्हणजे ऑइल पातळ झालं किंवा सीलमधून गेलं. इंग्रजीत ज्याला डॅम्पिंग म्हणतात, म्हणजे ऑइलने हालचाल आवरणं, तोच हा दम. डॅम्प, दम, शब्दही बहुधा एकच असावा.

निरुक्त

‘बसते, लागते, उसळते’ ही त्रयी मला मनापासून आवडली. ‘दम’ची जोड मात्र चालणार नाही. श्वास किंवा ताकद या अर्थाचा आपला दम फारसीतून आला. दमन करणे, शमदम यांतला दम संस्कृत ‘दम्’ धातूचा, वश करणे या अर्थाचा. इंग्रजीतला डॅम्प या दोन्हींशी संबंध नसलेला, वाफ किंवा धुकं या अर्थाच्या जर्मन कुळातला. जर्मनमध्ये आजही वाफेला डाम्फ म्हणतात. संस्कृत दम्-चं इंग्रजीतलं खरं भावंड म्हणजे ‘टेम’, माणसाळवणे.

दुसरं, मराठीत लिहायचंच असेल तर ‘शॉकअप’ तरी लिहू नका. मूळ शब्द शॉक ॲबसॉर्बर. त्याचं शॉकॲब झालं, आणि ‘गाडीला वर उचलतं ते अप’ अशी समजूत होऊन शॉकअप झालं असावं. धक्काशोषक हा स्वच्छ शब्द हाताशी आहे. डॅम्पिंगला अवमंदन आहे, स्टिफनेसला ताठरता आहे. वापरले नाहीत म्हणून शब्द परके वाटतात. महापौर, दिनांक हेही कुणीतरी घडवलेच होते.

दहाचा पाना

महापौर वर्तमानपत्रात रोज छापून येतो. अवमंदन कुठे येणार? हात ऑइलने भरलेले असताना ‘धक्काशोषक काढ’ असं मी माझ्या पोराला सांगितलं तर तो माझ्याकडे बघत राहील. पलटण, कप्तान, बटण यांचेही मूळ उच्चार कुणी जपले नाहीत, म्हणून ते मराठी नाहीत का?

अर्धविराम

भाषांतराचं काम करते, म्हणून ‘सस्पेन्शन’बद्दल थोडं. कोशाने ‘निलंबन’ सुचवलं म्हणून एकदा एका माहितीपत्रकात ‘पुढील निलंबन’ लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी शेजारी फक्त प्रश्नचिन्ह काढलं. मराठीत निलंबन म्हटलं की डोळ्यांसमोर चौकशी चालू असलेला कर्मचारी येतो. शाळेच्या विज्ञानात द्रावण, कलिल आणि निलंबन असतं, ते तिसरंच. पुलाच्या वेळी मात्र आपण किती सुंदर वाट काढली: झुलता पूल. तिथे कोणी निलंबित पूल म्हटलं नाही. गाडीसाठी तसा, डोळ्यांना दिसणारा शब्द हवा. झुलवण?

पुढच्या चाकाला धरणाऱ्या त्या दोन नळ्यांच्या ‘टेलिस्कोपिक फोर्क’लाही माझ्या मनात तसाच शब्द आहे, दुर्बिणी चिमटा. खलाशाच्या हातातली दुर्बीण जशी एकात एक नळ्या सरकवून लांब-आखूड होते तसा हा. इंग्रजीतही त्या शब्दामागे हेच चित्र आहे, दूरचं बघण्याशी काही नातं नाही. १९३५ च्या बीएमडब्ल्यू आर १२ वर तेलाने आवरलेला असा चिमटा उत्पादनात आला, म्हणजे वस्तू नव्वद वर्षं जुनी आणि आपल्याकडे तिला नाव नाही.

सहावा गिअर

पदार्थविज्ञान शिकवतो. ‘धक्काशोषक’वर माझा आक्षेप शुद्धतेचा नाही, अर्थाचा आहे. धक्का पहिल्यांदा झेलते ती स्प्रिंग. ती ऊर्जा साठवते आणि होती तशी परत करते. तेल बारीक भोकांतून जाताना त्या ऊर्जेची उष्णता करतं, म्हणून गाडी झुलत राहत नाही. ज्याला आपण धक्काशोषक म्हणतो तो धक्का शोषत नाही, झोका आवरतो. अवमंदनाला साधा मराठी शब्द हवा असेल तर ‘आवर’ घ्या. ‘जाताना आवर कमी, येताना आवर जास्त’, कुणालाही कळेल.

आडवाट यांना जे भोगावं लागलं त्याचं कारणही इथेच आहे. साध्या, नुसत्या भोकांच्या रचनेत वेग दुप्पट झाला की विरोध सुमारे चौपट होतो. खड्ड्याच्या कडेवर शॉकअप फार वेगाने दबतो, तिथे जाड तेल लाकडासारखं वागतं. ब्रेक मारताना तो त्या मानाने सावकाश दबतो, तिथे तेच तेल वाट देतं. म्हणजे नको तिथे कडक आणि हवं तिथे मऊ. अशा शॉकअपमध्ये जी छोटी स्प्रिंगवाली झडप बसवतात, इम्युलेटर म्हणतात तिला, ती एवढ्यासाठीच. वेगाचा धक्का आला की ती उघडते.

शिवाय दहाचं आणि वीसचं ऑइल हे आकडेही एका कंपनीचे दुसरीशी जुळतीलच असं नाही. खरी तुलना ४० अंश सेल्सियसला असलेल्या सेंटिस्टोक्सच्या (तेलाच्या दाटपणाचं माप) आकड्यावरून करायची.

आडवाट

हे फार उपयोगी आहे. ‘आवर’ मी घेतोय. आता माझा मसुदा असा: स्प्रिंग *जड* किंवा *हलकी*, ऑइल *जाड* किंवा *पातळ*, आणि स्पेसरने दिलेला तो *ताण*. उदाहरण देईन की ०.८ किलो प्रति मिमीच्या दोन स्प्रिंगा मिळून १.६, १६ किलो भार वाढला की पुढचा भाग १० मिमी बसेल. स्पेसर १० मिमी लांब टाकला तर पुढचा भाग सुमारे १० मिमी वर येईल, पण पुढच्या १६ किलोंना तो पुन्हा १० मिमीच बसेल. ताण वाढवून स्प्रिंग जड होत नाही, एवढं एक वाक्य जरी पोचलं तरी माझं काम झालं.

आणखी एक लिहायचंय. ‘भार पुढे येणं’ आणि ‘नाक खाली जाणं’ या दोन गोष्टी आपण एकच धरतो. भार किती पुढे येणार हे ब्रेक किती जोरात मारला, वजन किती उंचावर आहे आणि दोन चाकांत अंतर किती, यावर ठरतं. स्प्रिंग जड केल्याने तो फारसा कमी होत नाही. नाक कमी खाली जातं, आणि त्यामुळे चिमट्याचा कल आणि ट्रेल (हँडल ज्या आसावर फिरतं त्याची रेघ जमिनीला मिळते तिथून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) फार बदलत नाहीत, गाडी ब्रेकखालीही ओळखीची वाटते. जुनी सवय म्हणून सुरुवातीला जड स्प्रिंगवर ब्रेक ‘लागतच नाही’ असं वाटलं होतं. प्रत्यक्षात गाडी आधीपेक्षा लवकर थांबत होती.

आता ‘सॅग’ला काय म्हणू? स्वार बसल्यावर गाडी आपल्या वजनाने जेवढी बसते ते. रस्त्यावरच्या गाडीला एकूण हालचालीच्या पाव ते तिसरा हिस्सा धरतात, म्हणजे १२० मिमीला ३० ते ४०.

निरुक्त

झोळ. कापडाला, दोरीला झोळ पडतो तोच.

अर्धविराम

झोळ पडणं हा दोष आहे, सॅग हवीच असते. ती नसेल तर चाक खळग्यात खाली उतरणार कसं? मी ‘बैठक’ म्हणेन. गवयाची बैठक, मल्लाची बैठक, तशी गाडीची. ‘या गाडीची बैठक ३५ मिमी’.

दहाचा पाना

‘बैठक’ म्हटलं की लोक सीटकडे बघतील. आणि ‘जड स्प्रिंग’ म्हटलं की वजनकाट्यावर ठेवतील. आम्ही जोराची स्प्रिंग म्हणतो. ‘आवर’ चांगला आहे, पण ‘दम’ सोडणार नाही. फारसी असो की आणखी काही.

निरुक्त

दम सोडा असं मी म्हणालो नव्हतो, फक्त डॅम्पशी त्याचं नातं नाही एवढंच. तो तुमच्या अर्थाने उलट जास्त नेमका आहे.

अर्धविराम यांनी चिमटा म्हटलं, त्यावरून विचारतो. लहानपणी सायकलच्या पुढच्या त्या दोन पायांना आम्ही चिमटाच म्हणायचो. मोटरसायकलच्या बाबतीत तो शब्द कुठे गेला? नळी आत, नळी बाहेर असली म्हणून चिमटेपण जात नाही.

दहाचा पाना

गेला नाही, वाटला गेला. सायकलचा चिमटा अखंड असतो, वर जुळलेले दोन पाय. मोटरसायकलला दोन शॉकअप सुटे असतात आणि हँडलखाली त्यांना धरणारी टी असते. गाडी पुढून ठोकली की आम्ही आधी बघतो, शॉकअप वाकलाय की टी. शॉकअप एकेक बदलता येतो. टी वाकली तर नवे शॉकअप टाकूनही गाडी एका बाजूला ओढते, हँडल सरळ धरलं तरी. चिमटा म्हटलं तर नेमकं काय वाकलं ते कळत नाही, म्हणून गॅरेजात तो शब्द राहिला नसावा.

अर्धविराम

‘टी’ म्हणजे इंग्रजी अक्षराच्या आकारावरून? की ‘ट्री’चं टी झालं? इंग्रजीत त्या भागाला ट्रिपल ट्री म्हणतात. आणि दोन शॉकअपना धरणारा आडवा तुकडा वर एक आणि खाली एक असतो. दोन्हींना टीच म्हणता का?