मदत हवी आहे : जुन्या बीएमपी आणि टिफ फाइली लहान कशा करू?

नमस्कार मंडळी. पंचवटीत आमचा जुना फोटो स्टुडिओ आहे. २००३ च्या सिंहस्थात काकांनी रामकुंडावर काढलेले फोटो, त्या काळातली लग्नं, सगळं स्कॅन करून हार्ड डिस्कवर पडलंय. फोटो साठवायच्या प्रकारांपैकी काही बीएमपी, काही बिनकॉम्प्रेशनचं (म्हणजे आकार न दाबता साठवलेलं) टिफ. ३००० बाय २००० पिक्सेलचा एक फोटो म्हणजे दर पिक्सेलला ३ बाइट धरून १८ एमबी. मग तो कोऱ्या भिंतीपुढचा पासपोर्ट फोटो असो की शाही स्नानाची गर्दी, आकार तोच!

जेपीईजीने जागा भरपूर वाचेल, पण बारकावे कायमचे जातात. येवल्याच्या पैठणीचा काठ झूम केला की जरीभोवती चौकोनी डाग दिसतात. ते नको, कारण गिऱ्हाईक कधीही मोठी प्रिंट मागायला येतं. म्हणून मूळ प्रती पीएनजीत (यात फाइल लहान होते, पण बारकावे जात नाहीत) ठेवायच्या आणि व्हॉट्सअॅपपुरती वेगळी जेपीईजी, असं डोक्यात आहे.

अडलंय ते तारखेपाशी. बीएमपीत कॅमेऱ्याची माहिती नसते, त्यामुळे फाइलची तारीख हाच काय तो आधार. इरफानव्ह्यू किंवा इमेजमॅजिक या फोटोंचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅमने सगळ्या फाइली एकगठ्ठा बदलताना ती तारीख आणि फोल्डरांची रचना तशीच कशी राखायची? आणि मूळ फाइली उडवण्याआधी पिक्सेल न् पिक्सेल जुळतोय हे तपासायची काही युक्ती?

संगणक विंडोज १० वर आहे. ऑनलाइन कन्व्हर्टर कृपया सुचवू नका, लोकांच्या घरचे फोटो आहेत.