नवं गॅजेट पहिल्याच वर्षी घ्यावं का? माझं मत: कोणीतरी घ्यायलाच हवं

माहीमकर

कॅमेरावाले चष्मे, मनगटातल्या स्नायूंचे विद्युत संकेत ओळखणारा पट्टा, आवाजावर चालणारं घर. असं काही नवं आलं की आपल्याकडचं उत्तर ठरलेलं असतं, "थांब, दोन वर्षांनी स्वस्त होईल." किमतीचं खरं आहे. पण त्या दोन वर्षांत ते वापरतं कोण? कॅलिफोर्नियात शांत खोलीत बसलेला माणूस. त्याच्या सवयींप्रमाणे ती वस्तू घडत जाते आणि आपल्याकडे येते ती पक्की होऊनच.

टचस्क्रीनचंच घ्या. बोट टेकलं की काचेवरच्या विद्युतक्षेत्रात फरक पडतो, तो फोन टिपतो. पाण्याच्या थेंबानेही तसाच फरक पडतो. जुलैत स्टेशनबाहेर छत्री मानेत धरून मोबाइलवर तिकीट काढून बघा. थेंब पडला की पान आपोआप सरकतं, ओल्या अंगठ्याने दाबलेलं बटण लागत नाही, मागचे लोक ढकलत असतात. आपल्याकडे चार महिने पाऊस. ओल्या बोटांचं गाऱ्हाणं आपण पहिल्या वर्षी मांडलं नाही, तर कोण मांडणार?

याच्या उलट साउंडबॉक्स बघा, दुकानात मोबाइलवरून पैसे जमा झाले की बोलणारा डबा. पेटीएमने २०१९ मध्ये आणला. वडापाववाल्याचे हात बेसनात असतात, फोन बघायची सोय नाही, त्यात खोटा स्क्रीनशॉट दाखवून सटकणारेही असतात. डबा मोठ्याने रक्कम सांगतो, मराठीतही सांगतो. बघायला काही नाही, शिकायला काही नाही. गेल्या दहा वर्षांतला हा सगळ्यात चांगला इंटरफेस आहे असं मी मानतो, आणि तो आपल्या दुकानांच्या गल्ल्यावर वापरून वापरून रुळलाय.

म्हणून ज्याला परवडतं त्याने नवं घ्यावं, आपल्या गर्दीत, घामात, पावसात वापरावं आणि कुठे अडतं ते सविस्तर लिहावं.

विनय_ठाणे

साफ असहमत.

ह्युमेन कंपनीचा एआय पिन आठवा. कपड्याला लावायचा, बोलून काम सांगायचं, तळहातावर लेझरने अक्षरं उमटायची. एप्रिल २०२४ मध्ये बाजारात आला. ६९९ डॉलर, वर महिन्याला २४ डॉलर. फेब्रुवारी २०२५ मध्ये एचपीने त्या कंपनीचं तंत्रज्ञान आणि पेटंटं ११.६ कोटी डॉलरला घेतली आणि २८ फेब्रुवारीला पिनचे सर्व्हर बंद, म्हणजे पिन जवळपास निरुपयोगी. पैसे परत मिळाले ते फक्त शेवटच्या ९० दिवसांतल्या गिऱ्हाइकांना. ज्यांनी सगळ्यात आधी विश्वास टाकला, सगळ्यात जास्त चुका कळवल्या, त्यांना काही नाही.

तुम्ही म्हणता तसं लिहायला माझी हरकत नाही. पण तपासणी हे पगारी काम आहे, कंपनीने त्यासाठी माणसं नेमावीत. आपण पैसे मोजून ते का करायचं? आणि साउंडबॉक्सचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. वडापाववाल्याने तो प्रयोग म्हणून घेतला नाही. रोज फसवणूक होत होती, गरज होती, म्हणून भाडं भरून घेतला.

चारकोपची_मीनल

पैशाचं जाऊ द्या. रे-बॅन मेटा हे कॅमेरावाले चष्मे मे २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा २९,९०० रुपयांपासून पुढे. रेकॉर्डिंग चालू असताना फ्रेमवर बारीक दिवा लागतो म्हणे. संध्याकाळच्या विरार गाडीत तो दिवा कोणाला दिसणार आहे? प्रयोग तुमचा, पण चित्रीकरण माझं होतंय आणि मला कोणी विचारलेलं नाही. गूगल ग्लास हा तसलाच कॅमेरावाला चष्मा २०१३ मध्ये लोकांच्या हाती आला तेव्हाही तिकडे हाच संताप होता. २०१५ मध्ये त्याची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. "काहींनी घ्यावंच" म्हणताना बाजूला उभ्या असलेल्या बाईचाही विचार करा.

शिरीष_वरळी

मी जन्मापासून अंध आहे, त्यामुळे मला या वादात दोन्हीकडून बोलायचंय.

बटणांचे फोन गेले तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं, संपलं आता. सपाट काच आम्ही वाचणार कशी? २००९ मध्ये आयफोन ३जीएसवर व्हॉइसओव्हर आलं. बोट फिरवलं की खाली काय आहे ते ऐकू येतं, दोनदा टिचकी मारली की उघडतं. अँड्रॉइडवर तसंच टॉकबॅक आहे. आज बँक, बातम्या, मेसेज सगळं मी स्वतः करतो. हे शिकताना आधीच्या लोकांनी खूप डोकेफोड केली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पण तीच काच आता स्वयंपाकघरात आलीय आणि तिथे ती मुकी आहे. आमच्या इंडक्शन शेगडीवर एकही उंचवटा नाही. बटण कुठे आहे ते बोटाने शोधायला जावं, तर शोधतानाच ते दाबलं जातं. बहिणीने बटणांच्या शेजारी टिकल्या चिकटवून दिल्यात, अगदी बटणावर नाही, जरा बाजूला. टिकलीपर्यंत बोट न्यायचं आणि मग उजवीकडे एकदाच टेकवायचं. दर थोड्या दिवसांनी टिकल्या वाफेने सुटतात.

दुकानातलं कार्ड मशीन तर त्याहून वाईट. जुन्या मशीनवर पाचाच्या आकड्यावर टिंब असायचं, त्यावरून बाकीचे कळायचे. आता कित्येक ठिकाणी नुसता पडदा. मी पिन कोणाला सांगायचा? दुकानदाराला?

माहीमकर, प्रयोग जरूर व्हावेत. पण पहिल्या वर्षी वस्तू कोणाच्या हातात पडते, यावर सगळं अवलंबून आहे. परवडणाऱ्यांच्याच हातात पडली तर ती त्यांच्यापुरतीच सुधारेल.

पवईवाला

शिरीष यांच्या मुद्द्याला जोडून. २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाचं जॉन एस. मॅकेन हे जहाज तेलवाहू जहाजाला धडकलं, दहा खलाशी गेले. चौकशीत टचस्क्रीनवरच्या नियंत्रणाचा घोळ पुढे आला. २०१९ मध्ये नौदलाने थ्रॉटल, म्हणजे वेग बदलायचे हाताने ढकलायचे दांडे, परत आणायचं ठरवलं. गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपरसारख्या गोष्टींना खरी बटणं असतील तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलंय. माझ्या गाडीत काच धुकट झाली की ब्लोअरचा झोत वळवायला पडद्यावर दोन पानं उलटावी लागतात. घाटकोपरच्या वाहतुकीत नजर रस्त्यावर ठेवू की पडद्यावर? घरात हवे तेवढे प्रयोग करा, स्टिअरिंगवर नकोत.

माहीमकर

पवईवाला, स्टिअरिंगबद्दल वाद नाही. पण नौदलाला ते कळलं कसं? अपघातानंतर त्यांनी ताफ्यातल्या माणसांना विचारलं, तेव्हा "थ्रॉटल परत द्या" हे उत्तर आलं. ते अपघाताआधीच विचारायला हवं होतं, एवढंच मी म्हणतोय.

मीनल, लोकलमध्ये कॅमेरा चष्मा डोळ्यावर नको, मान्य.

शिरीष यांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. परवडणं हीच अट राहिली तर चुकीची माणसं तपासणार. मग आठ-दहा जणांनी वर्गणी काढून एक वस्तू घ्यायची आणि वाचनालयातल्या पुस्तकासारखी फिरवायची. आधी शिरीषकडे, मग एखाद्या आजीकडे, मग भाजीवाल्याकडे. जो तो आपली अडचण सांगेल, लिहून काढायचं काम माझं.

विनय_ठाणे

कल्पना चांगली आहे, पण पुस्तकाला लॉगिन लागत नाही. यातल्या बहुतेक वस्तू एका खात्याला बांधलेल्या असतात, दुसऱ्याला देताना सगळं पुसून पहिल्यापासून. तरीही एक करा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाल तेव्हा दुकानदाराला सांगा, इंटरनेट बंद करून चालवून दाखव. मूळ काम तेवढ्यावर होत असेल तर माझी वर्गणी धरा. शिरीषना विचारून यादी तुम्हीच बनवा, पहिली वस्तू बोलणारी इंडक्शन शेगडी मिळते का ते बघा.