विंडोज १० चा सपोर्ट संपला, घरून डीटीपी करते, मॅक मिनीवर जावं का?

सावली_नाशिक:
नमस्कार मंडळी, दिवाळी अंकांची कामं एकदाची हातावेगळी झाली म्हणून आता निवांत बसून विचारतेय. माझ्याकडे घरी असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, चौथ्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ काही त्यावर चढत नाही, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसर पण चालणार नाही असं सांगतंय. ज्यांच्याकडून मशीन बनवून घेतलं होतं त्यांना विचारलं तर म्हणाले मॅडम हे भंगारात द्या, नवीन घ्या. पण मशीन अजून मस्त चालतंय हो, एसएसडी टाकल्यापासून तर पळतंय.

भाचा म्हणतो मावशी ॲपलचा छोटा डेस्कटॉप मॅक मिनी घे, एम४ चिपवाला २०२४ मध्ये ५९,९०० ला आला होता, मॉनिटर कीबोर्ड माऊस तुझ्याकडे आहेच, पुढची सात-आठ वर्षं बघायला नको. मला मोह होतोय खरं तर. पण माझं सगळं काम श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायचं आणि पेजमेकर ७ मध्ये पानं लावायची असं आहे. पुस्तकं, स्मरणिका, लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल. काही गिऱ्हाइकं अशी आहेत की दरवर्षी येऊन सांगतात, मागच्या वर्षीचीच फाईल काढा आणि फक्त नावं आणि तारखा बदला. त्यामुळे जुन्या फायली उघडल्या नाहीत तर माझं कामच थांबेल. श्रीलिपीचं यूएसबी लॉक आहे, ते लावल्याशिवाय श्रीलिपी उघडत नाही. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०. आणि ह्यांचं हिशोबाचं टॅली पण याच मशीनवर आहे.

टायपिंग रेमिंग्टनने म्हणजे टाइपरायटरच्या कीबोर्डने करते, मराठी ४० ची (मिनिटाला ४० शब्द) परीक्षा दिलीय, हात बसलेला आहे. मॅकवर गेलं तर यातलं काय काय चालेल आणि काय सोडावं लागेल ते कोणी नीट सांगेल का? ज्यांनी स्वतः असा बदल केलाय त्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

अनाहत:
ताई, मी पुण्यात पुस्तकांची मांडणी करतो आणि मॅकवर आहे त्यामुळे आधी चांगलं सांगतो. एम४ मिनी खरंच उत्तम मशीन आहे. तळहातापेक्षा थोडा मोठा डबा, पाच इंच बाय पाच इंच, आवाज नाही, बेसिक मॉडेललाच १६ जीबी रॅम, आणि वीज इतकी कमी खातो की नुसता चालू असताना ४ वॉटच्या आसपास आणि फुल लोडवर ६५. तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर सीपीयूची चिंता विसरा, मॉनिटरच जास्त खाईल. रॅम नंतर वाढवता येत नाही, घेतानाच ठरवायचं. साधी यूएसबी म्हणजे चौकोनी मोठं पोर्ट एकही नाही, सगळी टाइप-सी, त्यामुळे कीबोर्ड, माऊस, प्रिंटरसाठी हब धरूनच चला. पॉवरचं बटण खालच्या बाजूला कोपऱ्यात आहे, पण ते रोज लागत नाही, स्लीपवरच ठेवतात सगळे.

तुमचा विंडोजचा कीबोर्ड चालतो, फक्त कंट्रोलची कामं कमांड करतं आणि कमांड म्हणजे तुमची विंडोजची की. कॉपी पेस्टला अंगठा वापरायची सवय लागायला आठवडा-पंधरा दिवस जातात.

आता अडचणींचं. पेजमेकर मॅकवर चालणार नाही, विषय संपला. पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये आणि त्यानंतर त्याची पुढची आवृत्ती आलीच नाही, अडोबीने सगळ्यांना इनडिझाइन या पानं लावायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळवलं. आणि आजचं इनडिझाइन पेजमेकरच्या फायली उघडत नाही, ते सीएस६ या जुन्या आवृत्तीपर्यंतच होतं. टॅलीची मॅकची आवृत्ती नाही. मग लोक सांगतात पॅरलल्स टाका आणि आत विंडोज चालवा, ते चालतं पण त्यात मेख आहे. एम४ चिपवर जे विंडोज चालतं ते एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरसाठीचं विंडोज ११. जुने प्रोग्रॅम ते नक्कल करून चालवतं, बरेच चालतातही, पण ड्रायव्हरची नक्कल होत नाही, ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेला लागतो. तुमचं लॉक ओळखायला ड्रायव्हर लागतो. म्हणजे श्रीलिपी इन्स्टॉल झालं तरी लॉक सापडत नाही म्हणून उघडणार नाही असं होऊ शकतं. पैसे भरायच्या आधी श्रीलिपीवाल्यांना फोन करून तुमच्या आवृत्तीचं आणि लॉकचं स्पष्ट विचारा.

आणि कोणी स्वस्तात जुना इंटेल मॅक देतो म्हणालं तर घेऊ नका. मॅकओएस २६ टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती आहे, ॲपलने तसं जाहीरच केलंय.

कोल्हापुरी_पेंग्विन:
अहो ताई, भंगारात कशाला देताय चांगलं मशीन? चौथ्या पिढीचा आय३, एसएसडी आणि ८ जीबी म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स मिंट त्यावर लोण्यासारखं चालतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, फुकट. पेनड्राइव्हवर टाकून इन्स्टॉल न करता आधी नुसतं चालवून बघा, डिस्कला हात लागत नाही. तुमचा १०२० प्रिंटर असा आहे की दरवेळी चालू केला की त्याला कॉम्प्युटरकडून फर्मवेअर द्यावं लागतं, म्हणून ड्रायव्हर नीट नसेल तर तो नुसता बसून राहतो. लिनक्सवर एचपीलिप हा एचपीचा ड्रायव्हर आणि त्याचं प्लगइन टाकलं की चालतो, आमच्या दुकानात चालतोय.

आणि मराठी टायपिंगचे तर इतके पर्याय आहेत की विचारू नका. आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची सॉफ्टवेअर टाकली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, रेमिंग्टन मिळतो, फोनेटिक मिळतो आणि ज्यांना गमभनची सवय त्यांना गमभन पण. पानं लावायला स्क्रायबस आहे, १.६ मध्ये जोडाक्षरं नीट येतात, आधीच्या जुन्या १.४ वर मराठी फुटायची म्हणून लोकांच्या मनात त्याचं नाव खराब झालं पण आता तसं राहिलं नाही. व्यावसायिक पुस्तकाला इनडिझाइनच्या तोडीचं आहे असं मी म्हणणार नाही, पण पत्रिका, अहवाल, छोटी स्मरणिका आरामात होते.

पेजमेकर मात्र इथेही नाही. वाइन म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायचं सॉफ्टवेअर, त्यात पेजमेकर चालवण्याच्या नादाला रोजच्या धंद्यासाठी लागू नका.

दुर्गवेडा:
घाई करू नका एवढंच सांगतो. विंडोज १० ला सपोर्ट संपल्यावरही एक वर्ष सुरक्षा अपडेट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीची लिंक येते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असली पाहिजे. म्हणजे पुढच्या दिवाळी अंकांची धावपळ सुरू व्हायच्या आत शांतपणे ठरवायला वेळ आहे. मशीन १५ ऑक्टोबरला सकाळी बंद पडलं नाही ना, तसं ते पुढेही पडणार नाही.

सावली_नाशिक:
सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कोणी सांगत नाही. ते एक वर्षाचं मला माहीतच नव्हतं, आजच करते. पण आता वाटतंय की मॅक घ्या नाहीतर लिनक्स घ्या, माझं पेजमेकर आणि श्रीलिपी दोन्हीकडे अडतंयच. मग नवीन विंडोज ११ चं मशीन घेऊन तेच चालू ठेवावं का? आणि जुन्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी दिसेल अशा पद्धतीत, बदलता येतात म्हणतात, त्यात मजकूर बिघडतो का? एका कवितासंग्रहाचं मी करून बघितलं तर वेलांट्या भलतीकडेच गेल्या.

खिळेजुळारी:
ताई, मी छापखान्यात खिळे म्हणजे धातूची अक्षरं जुळवण्यापासून सुरुवात केली, पुढे डीटीपी आलं तेव्हा ते शिकलो, त्यामुळे तुमचा प्रश्न मला जवळचा आहे. तुम्ही मशीन बदलायचं म्हणून विचारलंत पण खरं बदलायचंय ते मजकूर साठवण्याची पद्धत. ती बदलली की मशीन कुठलं पण चालेल, आणि ती बदलली नाही तर विंडोज ११ चं नवं मशीन घेऊनही तुम्ही त्या एका लॉकला बांधलेल्याच राहाल, ते लॉक गेलं की संपलं.

आता वेलांटीचं. आपल्या जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर आपले आकार बसवलेले असतात, म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. तिथे अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘किती’ मध्ये आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने, आधी क मग वेलांटी. रफाराचं उलट, ‘सूर्य’ मध्ये जुन्या फॉन्टात य आधी आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये र् आधी. कन्व्हर्टरला ही सगळी अदलाबदल करावी लागते. साध्या अक्षराला ते जमतं, पण ‘स्थिती’ मध्ये वेलांटीने अर्धा स आणि थ दोन्ही ओलांडून पलीकडे जायचं असतं, तिथे कच्चा कन्व्हर्टर चुकतो आणि वेलांटी मधेच अडकते. ‘सर्वांना’ मध्ये रफार आणि अनुस्वार मिळून एकच खिळा असतो, तोही बघा. तुमच्या कवितासंग्रहात हेच झालं असणार.

सगळ्यात जास्त लक्ष ऱ्य आणि ऱ्ह वर ठेवा. ‘दुसऱ्या’ चं ‘दुसर्या’ होतं, ‘तऱ्हा’ चं ‘तर्हा’ होतं. हे निदान दिसतं तरी. पण ‘आचाऱ्यांना’ चं ‘आचार्यांना’ झालं तर दोन्ही शब्द बरोबर, शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर काहीच बोलणार नाही आणि स्वयंपाक्यांचे आभार मानायचे ते गुरुजींचे मानले जातील. त्यामुळे कन्व्हर्ट केल्यावर ‘र्य’ शोधायला लावून प्रत्येक जागा डोळ्याखालून घालायची, दुसरा इलाज नाही. पानं कितीही असोत, हे होण्यासारखं काम आहे.

पेजमेकर युनिकोड घेत नाही हे लक्षात घ्या, म्हणजे मजकूर बदलला की पानं लावायची जागाही बदलणार. इनडिझाइनमध्ये गेलात तर पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर लावल्याशिवाय सुरुवात करू नका, नाहीतर जोडाक्षरं फुटलेली दिसतील आणि तुम्ही फॉन्टला दोष देत बसाल. फॉन्टची काळजी नको, मुक्त आहे, बलू आहे, मुंबईच्या एक टाइपने केलेले, फुकट आहेत. पुस्तकाच्या मजकुराला राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा बघा. मॅकवर तर श्री देवनागरी ७१४ आधीपासून बसवलेलाच येतो, तोही श्रीलिपीच्या मॉड्युलर इन्फोटेकचाच. फक्त तो युनिकोड आहे, तुमच्या जुन्या फायली त्याने वाचता येणार नाहीत, नाव सारखं दिसलं म्हणून घोळ नको.

माझं म्हणणं असं की जुनं मशीन आहे तसं ठेवा, नेट काढून टाका, त्यावर श्रीलिपी आणि पेजमेकर राहू दे. तिथे बसून आधी प्रत्येक जुन्या कामाची फॉन्टसकट पीडीएफ करून ठेवा, म्हणजे उद्या डिस्क गेली तरी पान कसं होतं ते दिसेल. मग जी गिऱ्हाइकं दरवर्षी येतात फक्त त्यांच्याच फायली युनिकोडमध्ये आणा. सगळं कपाट उपसत बसू नका, जे परत येणारच नाही त्यावर डोळे कशाला शिणवायचे.

अनाहत:
काकांशी पूर्ण सहमत. त्यात टायपिंगचं एक घालतो. रेमिंग्टनचा हात सोडवत नाही हे कळतं, पण ताई जमलं तर इनस्क्रिप्ट शिका. तो १९९१ च्या आयएस १३१९४ मानकात आहे त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे न मागता मिळतो आणि मुख्य अक्षरांच्या जागा सगळीकडे त्याच. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, कच्या वर शिफ्टमध्ये ख, गच्या वर घ. रोज अर्धा तास दिलात तर महिन्याभरात कामापुरता वेग येतो, आणि एकदा आला की कुठल्याही मशीनवर बसा.

दुर्गवेडा:
टॅलीचं राहिलं. ते जुन्या मशीनवर ठेवलं तर त्याला नेट लागणार, मग काकांनी सांगितलेलं नेट काढायचं जमणार नाही. साहेबांसाठी विंडोज ११ चालेल असा एखादा वापरलेला लॅपटॉप बघा, आठव्या पिढीचा इंटेल किंवा त्याच्या पुढचा, बिझनेस सिरीजमधला. घेण्याआधी दुकानातच सेटिंगमध्ये जाऊन टीपीएम २.० आहे का ते डोळ्यांनी बघा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

सावली_नाशिक:
काका, कपाट उपसू नका म्हणालात त्याने डोक्यावरचं मोठं ओझं गेलं. असं ठरवतेय, जुनं मशीन कोपऱ्यात श्रीलिपीसाठी, टॅली लॅपटॉपवर, आणि माझ्यासाठी मिनी, पण उन्हाळ्यात. तोपर्यंत शाळांचे अहवाल आणि दोन मंडळांच्या स्मरणिका युनिकोडमध्ये आणते, इनस्क्रिप्टची सुरुवात याच विंडोजवर करते. एक शेवटचं, जुन्या मशीनवरून पीडीएफ आणि फायली मॅकवर न्यायच्या तर पेनड्राइव्ह चालतो ना सरळ?

कोल्हापुरी_पेंग्विन:
चालतो, पण आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. एनटीएफएस म्हणजे विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट असेल तर मॅक नुसतं वाचतो, त्यावर लिहीत नाही, आणि तुम्हाला दोन्हीकडून ने-आण करायचीय. फॉरमॅट करण्याआधी त्यातलं सगळं दुसरीकडे कॉपी करा. आणि उन्हाळ्यापर्यंत थांबणारच आहात तर एखाद्या रविवारी मिंटचा पेनड्राइव्ह लावून बघाच, काही अडलं तर याच धाग्यावर लिहा, मी असतो.