मदत हवी आहे: १४ लाखांचं कर्ज काढून एमबीए फायनान्स, पण परत सांगलीतच यायचं आहे

नमस्कार मंडळी. वय २५, शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. तीन वर्षं सांगलीत एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात आहे, हातात २२ हजार पडतात. गाव तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग.

मुंबईतल्या एका खाजगी कॉलेजात दोन वर्षांच्या एमबीए फायनान्सला प्रवेश मिळतोय. फी १४ लाख. पहिला हप्ता सोमवारपर्यंत भरायचा आहे.

मी मांडलेला हिशोब: राहणं-खाणं महिना १८ हजार धरलं तर दोन वर्षांचे ४.३२ लाख. बुडणारा पगार ५.२८ लाख. म्हणजे एकूण २३.६ लाख. फीचं कर्ज १० टक्क्यांनी धरलं, निम्मं यंदा, निम्मं पुढच्या वर्षी. शिक्षण संपून वर्षभरानंतर हप्ते सुरू होतील तोवर सरळव्याजाचेच साडेतीन लाख होतात. मग १७.५ लाखांवर १० वर्षांचा हप्ता साधारण २३,१००. माझ्या आजच्या पगारापेक्षा जास्त.

साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. कर्ज थकलं तर बँकेला तारण विकू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळे ती घ्यायला बँक तयार नाही. राहिलं राहतं घर. आण्णा म्हणाले, "ठेवू की तारण, तू जा." इतक्या सहज म्हणाले की मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्यांच्या घरांचे उतारे मी रोज तपासते हो.

जायचं का आहे, तेही सांगते. बेदाणा तयार झाला की शेतकरी कोल्ड स्टोरेजला ठेवतात, पावतीवर आमच्याकडून उचल घेतात आणि भावाची वाट बघतात. सौद्यात भाव पडला की शेतकरीही अडकतो, संस्थाही. किती उचल द्यायची हे आमच्याकडे अंदाजानं ठरतं. हे काम नीट, शास्त्रशुद्ध शिकून इथेच करायचं आहे. पण इथल्या पगारात तो हप्ता कसा बसणार? कुणी अशी पदवी घेऊन परत आलं आहे का?

प्रतिसाद १ (मिरज)
ताई, मी बँकेत आहे. कॉलेज सरासरी पॅकेज सांगेल, तुम्ही पगार क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा (मीडियन) विचारा, तोही फक्त फायनान्सवाल्यांचा. त्यातले किती जण बँकांच्या विक्री विभागात लागले तेही विचारा. शैक्षणिक कर्जावरची आयकर सवलत फक्त व्याजावर, ८ वर्षं, तीही जुन्या करप्रणालीत. तिच्या भरवशावर हिशोब मांडू नका.

प्रतिसाद २
जागा कॅपमधून (राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) मिळाली आहे की संस्था स्तरावर, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्यातली? आधी ते बघा. कॅपमधून असेल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून मुलींना आता पूर्ण शिक्षण शुल्क मिळू शकतं. संस्था स्तरावरच्या जागेला ते नाही. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत कॉलेज आहे का, तेही तपासा. सीईटी पुन्हा देऊन मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाजसाठी प्रयत्न केलात तर फी खूपच कमी पडेल, फक्त गुण तसे लागतात.

प्रतिसाद ३ (मूळ विटा, सध्या पुणे)
मी असंच कर्ज काढून गेलो होतो. शिक्षणाचा उपयोग झाला, खोटं बोलणार नाही. पण हप्ता चालू असताना गावाकडची नोकरी परवडतच नाही. दोन वर्षांचे सात झाले, आई-वडील तिकडेच आहेत. परत यायचं पक्कं असेल तर त्या हप्त्याची रक्कम आधी कागदावर इथल्या पगारातून वजा करून बघा. तुम्हाला जे शिकायचं आहे ते कर्जाच्या जोखमीचं काम आहे. त्यासाठी एफआरएम (फायनान्शियल रिस्क मॅनेजर) हे आर्थिक जोखीम व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र बघा. दोनच भाग आहेत, नोकरी सांभाळून परीक्षा देता येते, आणि प्रमाणपत्रासाठी जोखमीशी संबंधित दोन वर्षांचा अनुभव लागतो.

धागाकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. पत्र काढून बघितलं, जागा संस्था स्तरावरचीच आहे. आण्णांना आज रात्री सांगते की सोमवारी पैसे भरायचे नाहीत. आता दोन वाटा दिसतात: एफआरएम, किंवा वर्षभर तयारी करून पुन्हा सीईटी. सहाला संस्थेतून सुटून घरी पोचायला साडेसात होतात. एवढ्या वेळात एफआरएमचा पहिला भाग कुणी काढला आहे का? गणित बारावीनंतर सुटलंय, सुरुवात कुठून करू?