मंगळवेढ्याचं काळं रान: दाणा भरताना ज्वारी लोळते

माणकाठ: साडेतीन-चार फूट खोल काळी जमीन, कोरडवाहू, ज्वारीचं वाण मालदांडी ३५-१. हुरडा संपला की ताटं बुडातून मोडतात, आतून काळी निघतात. बाटूक (ज्वारीची हिरवी ताटं) दाट होतं. दुसरं असं की पावसाळाभर रान मोकळं ठेवण्यापेक्षा आधी मूग घ्यावा का?

तिफण: दादा, हा खडखड्या रोग. बुरशी जमिनीतच असते, पण जोर धरते ती फुलोऱ्यापासून ओल तुटली की. फवारणीनं थांबत नाही, ओल सांभाळायची. एकरी ४ किलोच बी धरा, दोन ओळींत ४५ सेंमी, आणि उगवल्यावर १२ ते १५ दिवसांत विरळणी करून दोन ताटांत १५ सेंमी ठेवा. दाट पेऱ्यात चांगली रानंसुद्धा लोळतात. कोळपणी (ओळींमधली माती हलवणं) तीन वेळा: तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, पाचव्यात पासेच्या, आठव्यात दातेरी. तिसरी तणासाठी नव्हे, भेगा बुजवायला, आणि नेमकी तीच लोक टाळतात. विहिरीचं एखादं पाणी मिळालं तर पीक पोटरीत (कणीस पानाच्या आवरणातच) असताना, ५० ते ५५ दिवसांनी द्या.

गावशीव: मुगाचं म्हणाल तर खोल रानात नको. आपल्याकडचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. ऐन तेव्हा मूग तोडणीला आला तर चिखलात पाय निघत नाही, आणि वाफसा येईपर्यंत ज्वारीची पेरणी लांबते. लांबली की खोडमाशी पोंगे मारते. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या आत पेरणी झालीच पाहिजे. मूग हलक्या-मध्यम तुकड्यात घ्या. मोकळं रान म्हणजे पडीक नव्हे: उताराला आडवे सारे पाडायचे, प्रत्येक उघडिपीत कुळव फिरवायचा. भीमा आणि माण यांच्या मधल्या या काळीचं सगळं पीक त्या साठलेल्या ओलीवर येतं. बहामनी काळातल्या दुष्काळात दामाजीपंतांनी धान्याची कोठारं लोकांना खुली केली, अशी कथा सांगतात. ज्वारीचं कोठार ही मंगळवेढ्याची ओळख, आणि २०१६ मध्ये इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

तिफण: एक राहिलं. कणसात काणी (दाण्याऐवजी काळी भुकटी करणारा बुरशीचा रोग) दिसत असेल तर पेरणीआधी किलोभर बियाण्याला ३०० मेशचं (अगदी बारीक) गंधक ४ ग्रॅम चोळा. नत्र सगळं पेरणीबरोबरच, दोन चाड्यांच्या (बी आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या) पाभरीनं बियाण्याखाली पडेल असं द्या. कोरड्या मातीवर मागून फेकलेला युरिया मुळापर्यंत जात नाही.

माणकाठ: बाटूक आधी विरळ करतो. आठव्या आठवड्यातली कोळपणी आजवर कधीच केली नव्हती.