मदत हवी आहे : ‘ख्रिस्ताचा सुगंध’ निपाणीत कसा सांगावा?

जय ख्रिस्त मंडळी. येत्या रविवारी आमच्या महिला संघात दहा मिनिटं बोलायचंय. पाळकसाहेबांनी उतारा दिलाय २ करिंथ २:१४-१६, म्हणजे बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांना दुसऱ्या पत्रातला, ‘आपण ख्रिस्ताचा सुगंध आहोत’ असं सांगणारा.

आमचं गाव निपाणी. समोर बसणाऱ्या निम्म्या बायका तंबाखूच्या वखारीत नाहीतर विड्या वळायला जातात. तो वास लुगड्यात, केसात, पोरांच्या दप्तरातसुद्धा मुरलेला असतो. त्यांना स्वतःला तो येतच नाही. बेळगावच्या बसमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावते तेव्हा कळतं. आपल्या वागण्याचंही तसंच, आपल्याला पत्ता नसतो आणि शेजारणीला कळलेलं असतं, हे मला सांगायचंय. पण कष्टाच्या वासाला नावं ठेवल्यासारखं वाटू नये. कसं मांडू?

दुसरी अडचण १६व्या वचनाची. एकच वास काहींना जीवनाचा, काहींना मरणाचा, तो कसा? रोमी सेनापतीच्या विजय मिरवणुकीत धूप जाळत, तो जिंकणाऱ्यांना आनंदाचा आणि साखळदंडातल्या कैद्यांना मरणाचा वाटे, असं पाळकसाहेब सांगतात. मला पटतं, पण आमच्या बायकांना रोम फार लांब पडतं हो.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या १२व्या अध्यायातली, येशूच्या पायांना सुगंधी तेल लावणारी मरीया घेऊ का? तिच्या जटामांसीच्या तेलाच्या वासाने घर भरलं, आणि तिथेच यहूदा या शिष्याने ‘हे तेल ३०० दिनारांना विकून गरिबांना का दिलं नाही’ असा हिशेब काढला. वास एकच, नाकं दोन! की ओढूनताणून होईल?

खानापूर, चिकोडीकडच्या ताई-दादांनी यावर कुणी बोललं असेल तर शनिवारपर्यंत सांगा. कानडी दाखलाही चालेल, बऱ्याच जणींना कळतं.